खडीसाखर

आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे हा गेली काही वर्षे आमच्या घरातला सर्वांत नाजूक राजकीय प्रश्न होऊन बसला आहे. त्यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष मुंबईत असलेल्या आमच्या चिरंजिवांचा. त्यांच्या मते भंडाऱ्यात राहून हे गुडघे बरे होणे शक्य नाही. दुसरा पक्ष खुद्द गुडघ्यांच्या मालकिणीचा. तिच्या मते मुंबईला जाऊन ते बिघडल्याशिवाय राहणार नाहीत. मी अर्थातच तटस्थ राष्ट्र. तटस्थ राष्ट्रांचे जे होते तेच माझे झाले. दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन झाल्यावर तिकिटे काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. ज्या स्टेशनाला रेल्वे 'भंडारा रोड' म्हणते आणि आम्ही 'वरठी' म्हणतो, तिथून.

मुंबईत सूनबाईंनी आधीच सारी चौकशी करून ठेवली होती. वरळीला पोदार रुग्णालयात आयुर्वेदाचे उपचार मिळतात, मात्र नंबर लवकर लावलेला बरा. आता नंबर लावणे हे काम निवृत्त माणसासाठीच निर्माण झाले आहे. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला घरात दुसरे कोणते खाते देणार? दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे चहाचा घोट घेऊन मी निघालो आणि वरळी नाक्यावर उतरलो तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. रुग्णालयाच्या दारात माझ्याशिवाय कोणी नव्हते. भंडाऱ्याच्या माणसाला मुंबईच्या गर्दीची इतकी धास्ती घातलेली असते की तो नेहमी दोन तास आधी पोचतो.

कुठे टेकावे असा विचार करीत उभा होतो, तोच रस्त्याच्या पलीकडून ढोलाचा आवाज आला. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला असा आवाज कानी पडला की कुठेतरी दंडार उभी राहिली असे वाटते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पण हा आवाज दंडारीचा नव्हता. एकसारखा, संथ, न थकणारा. आणि त्याच्या ठेक्यावर कोणीतरी त्याच त्या शब्दांचा जप करीत होते. त्यातला एक शब्द कळेल तर शपथ! मी रस्ता ओलांडला.

उंचच उंच इमारतींच्या पायथ्याशी एक लहानसे पांढरे देऊळ उभे होते. मोठ्या माणसांच्या लग्नमंडपात एखादे पोर चुकून शिरावे आणि शांत उभे राहावे, तसे. ते जपानी बुद्धमंदिर होते. मुंबईत इतक्या वेळा येऊन गेलो, पण वरळीला असे काही आहे याचा मला पत्ताच नव्हता.

पुढे घरी आल्यावर चिरंजिवांकडून आणि पुस्तकांतून जी माहिती मिळाली ती इथेच सांगून टाकतो. निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी भिक्षू १९३१ साली भारतात आले. ज्या देशातून बुद्धाचा धर्म जपानला आला, त्या देशाला तो परत नेऊन द्यायचा, असा त्यांचा संकल्प. १९३३ साली ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. आश्रमातले लोक त्यांना फुजी गुरुजी म्हणू लागले आणि त्यांचा 'नाम्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. मी वरळीला ऐकला तो हाच. एका सूत्रग्रंथाला, सद्धर्मपुंडरीक सूत्राला, वंदन असा त्याचा अर्थ. हे देऊळ बांधायला बिर्लांनी पैसा दिला आणि ते उभे राहिले १९५६ साली. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे; मला पुढे त्याची गरज आहे.

चपला काढून आत गेलो. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूला मोठा ढोल, आणि पिवळी वस्त्रे घेतलेले एक भिक्षू. समोर दोन-चार माणसे जमिनीवर बसलेली. घंटा नाही, गर्दी नाही, 'पुढे चला, पुढे चला' नाही. मी मागे भिंतीला टेकून बसलो. खरे सांगायचे तर भक्तिभावाने नव्हे, बसायला जागा मिळाली म्हणून. पण त्या ठेक्यात काय होते कोण जाणे. दहा मिनिटांत माझ्या डोक्यातला रुग्णालयाचा नंबर, परतीचे तिकीट आणि गुडघे, सारे हळूहळू खाली बसले.

जप संपला. शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "भाऊ, नवीन दिसता. कुठले?"

"भंडाऱ्याचा."

"भंडारा? म्हणजे पवनीजवळचे की हो!" बाईंचा चेहरा एकदम फुलला. "आम्ही बीडीडी चाळीतल्या बायका बस करून आलो होतो पवनीला. केवढा जुना स्तूप! आणि तिथून रुयाडला ते नवीन महासमाधीभूमीचे मंदिर पाहिले, तेही जपानच्या लोकांनी हातभार लावलेले. तुम्ही भाग्यवान बाबा. तुमच्या दारात आहे सगळे."

मी मान हलवली. ती मान 'हो'साठी होती की 'नाही'साठी, हे बाईंना कळले नसावे. कारण खरी गोष्ट अशी की पवनी माझ्या दारातली नव्हे, माझ्या बालपणातली. वडिलांच्या नोकरीमुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मी तिथेच वाढलो. ज्या जगन्नाथ टेकडीखाली तो स्तूप निघाला, तिच्यावरून मी घसरगुंडी खेळलो आहे. पण १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन करून स्तूप उघडा केला, त्याला अर्धशतक उलटून गेले तरी मी तो पाहायला गेलो नव्हतो. भंडाऱ्याहून पवनी ती काय. पहेला, अड्याळ करीत एस.टी. दीड तासात नेऊन सोडते. वरळीच्या बाई जाऊन आल्या, मी गेलो नाही.

का गेलो नाही, याचे उत्तर पुढच्या क्षणी माझ्या तळहातावर पडले.

भिक्षू सर्वांना प्रसाद देत होते. माझ्यापाशी आले, किंचित वाकले, आणि माझ्या हातावर खडीसाखरेचे चार खडे ठेवून पुढे गेले. मी ते तोंडात टाकले. गोड होते. बाहेर आलो, चपला घातल्या, रस्ता ओलांडू लागलो, आणि मध्येच थबकलो. मागून टॅक्सीवाल्याने जे शब्द ऐकवले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

ते भिक्षू जपानी होते की आपल्याकडचे, हे मला ठाऊक नव्हते. त्यांचे नाव, गाव, घराणे, काही मी विचारले नव्हते. विचारायचे सुचलेसुद्धा नव्हते. हात पुढे झाला होता, खडीसाखर तोंडात गेली होती, आणि ती गोड लागली होती. इतकी सोपी गोष्ट! ही सोपी गोष्ट मला एकदा जमली नव्हती.

ते सालही १९५६ च होते.

मी चौथीत होतो. माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र (त्याचे नाव इथे लिहीत नाही, त्याने तशी परवानगी दिलेली नाही) अंकगणितात माझ्यापेक्षा हुशार होता आणि पोहण्यात तर विचारूच नका. वैनगंगेच्या घाटावर मी पायरी धरून पाय आपटत असे तेव्हा तो मध्यधारेत असे. आमची मैत्री शाळेत, घाटावर आणि टेकडीवर होती. ती माझ्या घराच्या अंगणापर्यंत येई आणि थांबे. त्याच्या घराच्या तर दिशेनेही जात नसे. यात काही वावगे आहे असे मला वाटत नव्हते. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आदल्याच वर्षी दिल्लीत झाला होता. तो आमच्या मनात व्हायचा होता.

दोन वर्षांपूर्वी, १९५४ साली, लोकसभेच्या पोटनिवडणुकीला खुद्द डॉ. आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातून उभे होते. आमच्या जिल्ह्याने त्यांना पाडले. मित्राचे वडील त्यानंतर कितीतरी दिवस कोणाशी बोलत नव्हते म्हणे. आणि मग आली १९५६ ची विजयादशमी, १४ ऑक्टोबर. पवनीतून, आसपासच्या खेड्यांतून माणसे नागपूरला निघाली. कोणी पायी, कोणी बंडीने, कोणी पवनी रोडवरून तेव्हाच्या छोट्या गाडीने. लुगडी पांढरी, सदरे पांढरे. मित्रही वडिलांबरोबर गेला. मी मात्र घरी आपट्याची पाने वाटत होतो.

तीन-चार दिवसांनी तो शाळेत आला तो पांढराशुभ्र सदरा घालून. वर्गात काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर आम्ही बालसमुद्र तलावाच्या काठाने निघालो तेव्हा त्याने सारे सांगितले. किती माणसे, केवढे मैदान, बाबासाहेब किती जवळून दिसले. बोलता बोलता त्याने खिशातून कागदाची एक पुडी काढली. नागपूरच्या बाजारातल्या संत्र्याच्या गोळ्या होत्या. वडिलांनी घेऊन दिलेल्या. त्याने पुडी सोडली आणि पहिली गोळी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "खाय."

मी म्हणालो, "घरी जाऊन खातो."

वळणावर तो त्याच्या वस्तीकडे वळला. मी चार पावले पुढे गेलो आणि ती गोळी पाण्यात टाकली.

मला असे करायला कोणी सांगितले नव्हते. आई मारील असेही नव्हते. तिला कळलेच नसते. मी पुष्कळ वर्षे वडीलधाऱ्यांना, काळाला, गावाला दोष देऊन पाहिला. पण गोष्टीतले सगळ्यांत वाईट हेच आहे की कोणी सांगितले नव्हते. सांगावेच लागले नाही.

पुढच्या वर्षी वडिलांची बदली होऊन आम्ही भंडाऱ्याला आलो. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि रीतसर सुधारलो. मित्रही शिकून मास्तर झाला आणि निवृत्तीनंतर पवनीला परतला. मधल्या काळात आमच्या भेटी झाल्या नाहीत असे नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी नागपूरला गेलो, पंक्तीत बसून दोनदा जिलबी मागून घेतली. तो आमच्या घरी येऊन जेवून गेला. सुधारणेच्या दृष्टीने पाहिले तर माझे सगळे खाते चुकते झाले होते. फक्त ती एक गोळी शिलकेत होती. तेव्हापासून मी संत्र्याची गोळी कधी खाल्लेली नाही. कोणी विचारले तर दात किडतात असे सांगतो. आणि पवनीला जाण्याचे टाळतो. एकच समाधान मी उराशी धरून ठेवले होते, की त्याने पाहिले नाही. तो वळणावरून गेला होता. त्याने पाहिले नाही.

रुग्णालयात त्या दिवशी माझा नंबर सातवा लागला. दोन तास आधी येऊन सातवा. घरच्यांनी याचे स्पष्टीकरण अजून मागणे सोडलेले नाही.

मार्चमध्ये आम्ही परतलो. गुडघे निदान वादाच्या पलीकडे गेले होते. एका रविवारी मी सौभाग्यवतीला म्हणालो, "पवनीला जाऊन येतो." तिने चष्म्यावरून पाहिले. लग्नाला पन्नासहून अधिक वर्षे झाली म्हणजे प्रश्न तोंडाने विचारावे लागत नाहीत. "जाऊन या," म्हणाली, "आणि रिकाम्या हाताने जाऊ नका." भंडाऱ्याच्या बसस्थानकाजवळच्या दुकानात मी संत्र्याच्या गोळ्यांची पुडी घेतली. आता ती प्लॅस्टिकची असते.

मित्र स्टँडवर न्यायला आला होता. आमच्या वयाची माणसे भेटली की आधी एकमेकांच्या औषधांची विचारपूस होते, ती उरकली आणि मी म्हणालो, "मला तो स्तूप दाखव."

"इतक्या वर्सांनी आठवन झाली?" तो हसला. "चाल."

जगन्नाथ टेकडीवर सांचीसारखे डोळ्यांत भरणारे आज काही उभे नाही. ते मनाने उभे करावे लागते. माझ्या मित्राने ते असे उभे केले की त्याच्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटला. इसवी सनाच्या आधीच्या शतकांतला हा विटांचा स्तूप, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही थोडा मोठा. भोवती दगडी कठडा. त्यातल्या एका खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे, नावानिशी. बुद्धाला ज्ञान झाल्यानंतर सात दिवस पावसाची झड लागली तेव्हा या नागाने आपला फणा त्याच्यावर धरला, अशी कथा. पण खांबावर बुद्ध दाखवलेला नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती करीत नसत. नुसते रिकामे आसन, आणि त्यावर नागाचा पाच फण्यांचा आसरा.

"बाकीच्या दगडांवर काय लिहिलं आहे?" मी विचारले.

"नावं," तो म्हणाला. "ब्राह्मी लिपीत. ज्यानं ज्यानं दगड देल्ला त्याचं नाव, आन पुढं 'दान'. मोठे राजे नाही गड्या, साधी मानसं. बाया पन आहेत. कोनी एक खांब देल्ला, कोनी एक आडवा दगड."

मी हिशेब करू लागलो. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, राज्ये गेली, गाव उठले-बसले, टेकडीवर माती चढली, तिच्यावर आम्ही पोरे घसरगुंडी खेळलो, आणि खाली ही नावे जशीच्या तशी. देणाऱ्यांची. घेणाऱ्याने घेतले म्हणूनच तो कठडा उभा राहिला. हा दगड कोणाच्या हातचा, असे विचारत कोणी बसले असते तर भोवती जागोजाग भगदाडे राहिली असती.

तिथून बालसमुद्राचे पाणी दिसत होते. उन्हे उतरली होती. आणि मी सांगून टाकले. पुढची-मागची काही प्रस्तावना न करता, चौथीतल्या पोराने चूक कबूल करावी तसे. वळण, चार पावले, पाणी.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मले मालूम आहे."

"तू पाहिलंस?"

"नाई पाह्यलं. आयकलं. मी वळनावर उभा होतो. गोळी कशी लागते ते तू सांगशीन मनून. तर पान्यात डुबुक आवाज आला."

अडुसष्ट वर्षे जपलेले माझे एकुलते एक समाधान असे त्याने शांतपणे काढून घेतले. मला काही बोलता येईना. माफी हा शब्द ओठांवर आला, पण इतक्या उशिरा तो उच्चारणे म्हणजे पुन्हा आपल्याच मनाची सोय पाहण्यासारखे वाटले.

"राग आला होता का रे?"

"राग?" तो पाण्याकडे पाहत राहिला. "तुले सांगू? पुडी मी तुह्याजवळच फोडली होती. घरी लहान बहीन रडत होती तरी फोडली नोती. पयली तुले देल्ली." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "दुसऱ्या दिवसी शाळंत तुह्याजवळ बसू का नको बसू, असा रातभर इचार केला. मंग बसलो. गनित तर तुले मीच सांगत होतो ना!"

त्याच्या या बोलण्यावर आम्ही दोघेही हसलो. हसणे खरे होते, पण त्याने काही पुसले गेले असे मी म्हणणार नाही.

मी खिशातली पुडी काढली. दातांनी फोडली, कारण प्लॅस्टिक बोटांना दाद देईना. पहिली गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तळहातावर इकडेतिकडे फिरवली, उन्हात धरून पाहिली. एक क्षण त्याने पाण्याकडे पाहिले आणि माझ्या पोटात धस्स झाले. टाकली असती तर मला बोलायला जागा नव्हती.

"उशीर केलास गड्या," तो म्हणाला. "आता मले शुगर आहे."

आणि त्याने ती गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली, वरून खिसा दोनदा थोपटला.

"नातवाले देईन. कोनं देल्ली तेही सांगीन. सगळंच सांगीन. चाल, चाय ठेवला असंन घरी."

त्याच्या घरी चहा झाला, पोहे झाले, सुनेने आग्रह करून दुसऱ्यांदा वाढले. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो तेव्हा अंधारून आले होते. अड्याळ गेल्यावर मी पुडी काढली आणि एक गोळी तोंडात टाकली.

आंबटगोड होती. वरळीची खडीसाखर नुसती गोड होती. तिच्यात माझे काही नव्हते.